शिक्क्याचा चौथा तुकडा

पिआदा, १८ डिसेंबर १८२१

ताई,

पोचलो. जिवंत आहे, थंडीनं गारठलोय, आणि इथे मला ओरडणारं कुणी नाही म्हणून चुकल्यासारखं वाटतंय.

जमायचं होतं आर्गोसला. पण तिथे तापाची साथ, आणि प्रत्येक सरदार शंभर-शंभर बंदूकवाले घेऊन ठाण मांडून बसलेला. डोक्याशी बंदूक असताना कायदा कोण लिहिणार? म्हणून आम्ही सगळे प्रतिनिधी समुद्राकाठच्या या गावात आलो. एका लिंबूवाल्याच्या घरात माझी सोय झालीय. खाली त्याच्या शेळ्या, वर आम्ही चौघं प्रतिनिधी. शेळ्या कमी भांडतात. पण ताई, मोरियाचे, बेटांवरचे, रुमेलीचे असे सगळे ग्रीक एका छपराखाली बसून आपलं सरकार बनवणार, हे आपल्या बापानं स्वप्नात तरी पाहिलं होतं का? त्यात आपल्या लिथारी बेटाचा माणूस म्हणून मी बसलोय. मी! पोरांना कानाला धरून अक्षरं शिकवणारा मास्तर.

तुझ्या मनात पहिला प्रश्न कोणता, ते मला ठाऊक आहे. माझा कागद चालला. बेटाच्या शिक्क्याचे तीनच तुकडे उमटलेत, चौथी जागा कोरी आहे, असं मी सांगितलं. म्हणाले, लढाईचे दिवस आहेत, चालेल. तेव्हा तू दाजींचा तुकडा दिला नाहीस याचं मनात काही ठेवू नकोस. दाजी तुर्कांच्या किल्ल्यात ओलीस असताना तू नाही म्हणालीस, ते बरोबरच होतं.

निघताना तुला भेटलो नाही. वारा अचानक फिरला आणि खलाशी थांबायला तयार नव्हते. दाजींची काही खबर?

तुझा,
सिदेरिस

*

लिथारी, २९ डिसेंबर १८२१

सिदेरी,

मी सांगतेय आणि आपले पाद्री, पापा गेरासिमोस, लिहितायत, म्हणून यात शिव्या नाहीत. (होत्या. मी लिहिल्या नाहीत. गेरासिमोस.)

तीन तुकड्यांवर चाललं? मग आपल्या पणज्यांनी शिक्का चार ठिकाणी कापला तो काय हौसेनं? चार पंच, चौघांच्या घरी एकेक तुकडा. चौघं एका टेबलाशी बसून ते जुळवत नाहीत तोवर बेटाचा शब्द बाहेर जात नाही. मास्तर असून हे मी तुला सांगायचं?

वसंतात तिकडे बंड पेटलं आणि किल्लेदारानं प्रत्येक बेटावरून एकेक पंच उचलून नेला, तो दिवस आठव. हे नावेत चढताना तुकडा माझ्या मुठीत कोंबून म्हणाले, "हा तुझ्या घरात आहे तोवर लिथारी बंडात नाही. तिकडे मी तसंच सांगणार. माझी मान या पितळेच्या तुकड्यात आहे, कालोमीरा." तू बाजूलाच उभा होतास. तू रडलास, मी नाही रडले.

ह्यांना लोकरीचे मोजे आणि सुकी अंजिरं पाठवली होती. मोजे पोचले. अंजिरं पहारेकऱ्यांनी खाल्ली. खाऊ देत मेल्यांना, मोजे पोचले ते बरं झालं. तळघरात ओल फार आहे, आणि ह्यांचे गुडघे तुला माहीत आहेत.

तिथे शहाण्यासारखा वाग. सह्या करायला सगळ्यांत पुढे धावू नकोस. लिथारीचं नाव बारीक अक्षरात लिही.

कालोमीरा

*

पिआदा, ३ जानेवारी १८२२

ताई,

बारीक अक्षरात लिहायला सांगितलंस आणि नेमकं सगळं लिहायचं काम माझ्यावरच आलं. अक्षर चांगलं म्हणून नकला करायला बसवलं. बोटं सुजलीत.

परवा, संत वासिलीच्या दिवशी, सगळं ठरलं. देशाला कायदा झाला. पाच जण कारभार बघणार, बाकीचे प्रतिनिधी कायदे करणार, एकाची नजर दुसऱ्यावर. तेही वर्षभरासाठीच. वर्षानं दुसरे. कोण पाच, यावरून आधी इतकी खेचाखेची झाली की मला वाटलं, तुर्कांची गरजच नाही, आम्हीच एकमेकांना संपवू. मोरियाचे म्हणतात, रक्त आम्ही सांडलं. बेटवाले म्हणतात, मग जहाजं काय तुमच्या मेंढ्यांनी चालवली? तरीही झालं. सही करताना एका म्हाताऱ्याचा हात इतका थरथरत होता की दुसऱ्यानं त्याचं कोपर धरलं, आणि ते दोघं आदल्या दिवशी एकमेकांच्या अंगावर धावून गेले होते. ते पाहून मला रडू आलं. हो, पुन्हा मीच रडलो.

मीही सही केली. लिथारी.

त्यात एक कलम आहे, यापुढे कुणाचाही छळ करायचा नाही. मी ते अकरा वेळा लिहिलं, अकरा नकला म्हणून. प्रत्येक वेळी दाजी डोळ्यांपुढे येत होते. आपल्या कागदावरचं कलम त्या तळघरात काय कामाचं, असं वाटून लेखणी खाली ठेवली, मग शेजारचा म्हणाला, "मास्तर, झोप लागली काय?" म्हणून परत उचलली.

ताई, तू रागावली नाहीस ना माझ्यावर? रागावली असशील तर तसं लिही. मला इथे नीट जेवण जात नाही. पाणी मानवत नसेल.

सिदेरिस

*

लिथारी, २ फेब्रुवारी १८२२

सिदेरी,

काल किल्ल्याची नाव आली होती. बारा शिपाई आणि एक कारकून. त्यांना कुणीतरी सांगितलंय, की ग्रीकांच्या सभेत लिथारीचाही माणूस बसला होता. पंच वार्दास पुढे झाला आणि म्हणाला, "आमचा मास्तर डोक्यानं सटकलाय, स्वतःच्या मनानं गेलाय. बेटानं त्याला पाठवलेला नाही." कारकून म्हणाला, तुमचा ओलीस नोमिकोसही तेच म्हणतो. ह्यांनी किल्लेदारापुढे शपथ घेतलीय: शिक्क्याचा चौथा तुकडा माझ्या बायकोकडे आहे, आणि मी इथे असेतोवर ती तो कुणाला देणार नाही. बेटाचा पुरा शिक्का असलेला एक कागद दाखवा आणि माझी मान घ्या.

असं म्हणाले ते. किल्लेदारानं ऐकून घेतलं. अजून तरी ऐकून घेतलंय.

गावात मात्र कुजबुज आहे. बायका माझ्याकडे बघतात आणि बोलता बोलता थांबतात. म्हणून तू मला तुझ्या हातानं लिहून पाठव, की तुझ्या कागदावर ह्यांचा तुकडा उमटलेला नाही. नुसतं 'नाही' लिहिलंस तरी चालेल. पापा ते सगळ्यांसमोर वाचतील.

लवकर पाठव.

कालोमीरा

*

कोरिंथ, १९ फेब्रुवारी १८२२

ताई,

तुझ्या तुकड्याचा ठसा माझ्या कागदावर नाही. आईच्या शपथेवर सांगतो.

सरकार आता कोरिंथला आलंय, मलाही कारकून म्हणून इथेच ठेवून घेतलंय. काम फार आहे. सवडीनं लिहीन.

सिदेरिस

*

लिथारी, १० मार्च १८२२

सिदेरी,

चार तारखेला ह्यांना फाशी दिलं. किल्ल्याच्या दारावर. प्रेत दिलं नाही.

किल्ल्याच्या गलबतानं आपल्या आन्द्रुलिसची मासेमारीची नाव पकडली. तिच्यात म्हणे एक कागद सापडला. कसला, ते कुणी सांगत नाही. दुसऱ्या दिवशी ह्यांना बाहेर काढलं. आन्द्रुलिसला वल्ह्याला बांधून कुठल्यातरी जहाजावर नेलं, तो मेला की जिवंत कोण जाणे. गाव म्हणतं, त्यानंच पैसे खाऊन घात केला. त्याच्या बायकोशी विहिरीवर कुणी बोलत नाही. तिची घागर बाजूला सारतात. मीही बोलत नाही.

ह्यांच्याबरोबर झानेत्तोस म्हणून दुसऱ्या बेटाचा एक ओलीस होता. कैद्यांच्या अदलाबदलीत तो सुटणार आहे आणि तुमच्याकडे कोरिंथला येणार आहे, असं ऐकते. त्याला गाठ. शेवटी हे काय बोलले, एवढंच विचार. चांगलं असो, वाईट असो, मला कळव. मला ते कळायला हवं.

(सिदेरिस, तिनं अजून डोळ्यांतून टिपूस काढलेलं नाही. ये. गेरासिमोस.)

*

कोरिंथ, १८ एप्रिल १८२२

ताई,

हे पत्र पापांकडून वाचून घेऊ नकोस. कोळशानं भिंतीवर गिरवलेली अक्षरं तू विसरली नसशील. म्हणून मोठं मोठं आणि सुटं लिहितोय. दार लावून घे.

मी खोटं बोललो. पहिल्या पत्रापासून. आईची शपथ घेऊन बोललो.

नोव्हेंबरात तू ऑलिव्ह झोडायला वरच्या वाडीवर गेली होतीस, त्या दिवशी मी तुझ्या घरात शिरलो आणि कुमारीमातेच्या तसबिरीमागून तुकडा काढला. वार्दासच्या घरी तिघं पंच वाट बघत होते. मी त्यांना सांगितलं, ताईनं दिला. बाईमाणसाचं नाव बाहेर येऊ नये म्हणून कुठे बोलू नका, असंही वर सांगितलं. केवढा शहाणा मी! चारी तुकडे जुळवले, शिक्का उमटवला. तू उतरून येण्याआधी तुकडा परत जागेवर ठेवला. आणि रात्री तुझ्याच हातचं डाळीचं सार जेवलो.

एक कागद उमटवला असता तरी एक वेळ ठीक. मी दोन उमटवले. एक सभेसाठी. दुसरा शेजारच्या बेटाच्या पंचांना, की लिथारी बंडात आली, तुम्हीही या. मला वाटलं, दोन बेटांचा प्रतिनिधी म्हणून माझा मान वाढेल. खरं कारण एवढंच आहे, ताई, त्याला दुसरं गोंडस नाव नाही. वाऱ्यामुळे तो कागद हिवाळाभर आन्द्रुलिसच्या नावेत, दोरखंडांच्या पेटीत पडून राहिला. मी त्याला सांगितलं होतं, शाळेच्या पुस्तकांची यादी आहे. त्या बिचाऱ्याला वाचता येत नाही.

आणि ऐक, म्हणजे मला किती शिव्या द्यायच्या ते ठरवता येईल. पिआदाला दारावरच्या कारकुनानं माझा कागद उलगडलासुद्धा नाही. "लिथारी? बरं, बसा," म्हणाला आणि पेटीत टाकला. तीन तुकडे असते, एक असता, नुसता माझा शब्द असता, तरी मी आत गेलो असतो.

झानेत्तोस परवा आला. दात पडलेत, पण डोकं शाबूत आहे. मी त्याला माझं नातं सांगितलं नाही आणि विचारलं. भेकड तो भेकडच.

तो म्हणाला, किल्लेदारानं कागद दाजींच्या पुढ्यात टाकला. दाजींनी तो उजेडाकडे नेला. चारी तुकडे नीट जुळलेले होते. चौथ्या तुकड्याच्या कडेला टवका आहे ना, त्यांच्याच हातून पडलेला, त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. किल्लेदार म्हणाला, हा खोटा आहे असं म्हण, मी अजून ऐकायला तयार आहे. म्हणजे वाट होती, ताई. दाजींनी कागदाची घडी घालून तो परत दिला. मग म्हणाले, "ठसा खरा आहे. कालोमीरानं दिला म्हणजे विचार करूनच दिला असेल."

एवढंच. नंतर झानेत्तोसशी ते गुडघ्यांबद्दल बोलले, बाकी काही नाही.

तू त्यांना विकलंस असं समजून ते गेले, आणि वर तुझ्या बाजूनं बोलून गेले. हे तुला कळवावं की नाही, यात माझे तीन दिवस गेले. तू म्हणाली होतीस, चांगलं असो, वाईट असो. हे कुठल्यात मोडतं, मला कळत नाही. सगळं पाप माझं आहे. मला भाऊ म्हणू नकोस. मी लिथारीला पुन्हा पाय ठेवणार नाही, तुला तोंड दाखवणार नाही, हीच माझी शिक्षा.

सिदेरिस

*

लिथारी, १ मे १८२२

सिदेरी,

हे मी स्वतः लिहितेय. चार दिवस लागले. चुका काढत बसू नकोस, मास्तर.

तुझं पत्र पहिल्यांदा वाचून चुलीत घालणार होते. मग ह्यांचं वाक्य आलं आणि हात थांबला. ते मी इतक्यांदा वाचलंय की आता कागद न बघता म्हणता येतं.

तुला वाटतं, मला काही ठाऊक नव्हतं. वारा अचानक फिरला, असं तू लिहिलंस. तुमची नाव दोन दिवस धक्क्याला अडून होती, माझ्या खिडकीतून दिसत होती. पहिल्या दिवशी दुपारी मी तसबीर पुसायला काढली आणि तुकडा हातात घेतला, तर माझी बोटं काळी झाली. शिक्का मेणबत्तीवर धरून काजळी दिल्याशिवाय उमटत नाही, आणि तो तुकडा आठ महिने कुणी वापरला नव्हता. मला तिथल्या तिथे कळलं. आदल्या रात्री तू जेवताना मान वर करत नव्हतास, तेही आठवलं.

मी हात धुवत होते तेवढ्यात वार्दास दारात आला. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाला, "शाब्बास पोरी. नोमिकोसच्या बायकोला शोभेल असंच केलंस." मी फक्त एवढंच म्हणायचं होतं, मी दिला नाही. नाव धक्क्यालाच होती. त्यांनी दोन्ही कागद फाडले असते. तुला फार तर बेटावरून हाकललं असतं. हे आज घरी नसते, पण जगले असते.

मी वार्दासला म्हणाले, "पाणी घ्याल का?"

त्यानं घेतलं, पेला परत दिला आणि गेला. आणि मी संध्याकाळपर्यंत खिडकीत उभी राहून तुमच्या नावेकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशीही.

का, ते मी मलाच रोज विचारते. तू भाऊ म्हणून? ते होतंच. इकडे भाऊ, तिकडे नवरा. पण खरं सांगू का, मला ते हवंही होतं. आपलं नाव त्या यादीत लागावं, असं मला फार वाटत होतं, तुझ्याइतकंच, आणि त्याला माझा हात लागायला नको होता. चोरी तुझी, नाव बेटाचं, आणि नवरा माझा तसाच शाबूत. सगळं जमेल असं वाटलं. म्हणून पापांपुढे तुला विचारत राहिले, तीन तुकड्यांवर कसं चाललं, नाही म्हणून लिहून दे. मला खरं नको होतं रे. लोकांना दाखवायला मला तुझं खोटं हवं होतं. तू दिलंस. पापांनी ते देवळाच्या पायरीवर मोठ्यानं वाचलं आणि मी मान हलवत उभी राहिले.

आणि ते तिकडे म्हणाले, विचार करूनच दिला असेल. सिदेरी, मी विचार केलाच नाही. मी पाणी विचारलं.

तेव्हा सगळं पाप माझं, सगळं माझं, असं करून एकट्यानं रडत बसू नकोस. सगळं तुला मिळणार नाही. अर्धं माझं आहे, ते मी कुणाला देणार नाही. आणि तोंड न दाखवणं ही कसली शिक्षा? ती तुझ्या सोयीची आहे. तू कोरिंथला बसून सरकारची पत्रं लिहिणार, आणि इथे आन्द्रुलिसची बायको रोज विहिरीवरून रिकामी घागर घेऊन परत जाणार. परवा ती गावाबाहेरच्या ओढ्याचं गढूळ पाणी भरताना मला दिसली. माझ्याकडे बघून तिनंच मान खाली घातली. तिनं!

वीस तारखेला मेलेल्यांचा शनिवार आहे. ह्यांच्या नावानं देवळात वाटायचे गहू मी उकडणार आहे, प्रेत नसलं तरी. देवळात सगळं गाव असेल, वार्दास असेल. त्या बाईला मी घरी जाऊन बोलावून आणणार आहे. मग आपण दोघांनी पुढे उभं राहून सगळं सांगायचं, कागदाचं, पेटीचं, पाण्याचं. मी एकटी बोलले तर लोक म्हणतील, दुःखानं हिचं डोकं फिरलंय. तू नुसतं पत्र पाठवलंस तर वार्दास ते दाबून टाकेल, त्यालाही त्याची मान आहे. दोघं लागतील.

गव्हाचा पहिला घास मी त्या बाईच्या ओंजळीत घालणार आहे. ती घेईल की माझ्या तोंडावर फेकेल, मला माहीत नाही. फेकला तर तू मध्ये पडू नकोस.

शुक्रवारपर्यंत ये.

कालोमीरा